देवळाच्या भिंतीवरचा घोडा

शाळेचं वेळापत्रक आठवतंय? सोमवार ते शनिवार ठासून भरलेले तास आणि त्यात आठवड्यातून एक-दोनदा, बहुतेक दुपारच्या सुट्टीनंतर चिकटवलेला चित्रकलेचा तास. दहावीचं वर्ष आलं की बळी जायचा तो याच तासाचा. गणिताचा पोर्शन राहिलाय, घ्या चित्रकलेचा तास. विज्ञानाची चाचणी आहे, घ्या चित्रकलेचा तास. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना त्याचं फारसं वाईटही वाटलं नसेल. चित्रं काढून पोट भरत नाही, हे घरी, शेजारी, लग्नकार्यात भेटणाऱ्या काका-मामांकडून आपण इतक्या वेळा ऐकलेलं असतं की ते पाठच झालेलं असतं.

आज ज्यांची गोष्ट सांगायची आहे त्यांचं काम तुमच्यातल्या कितीतरी जणांनी पाहिलेलं असेल. नाव मात्र थोड्यांनाच सांगता येईल. पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात, म्हणजे सगळे ज्याला एसएसपीएमएसचं मैदान म्हणतात तिथे, छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. साडेतेरा फूट उंच, वजन सुमारे ८ टन, ब्राँझमध्ये एकसंध ओतलेला. १९२८ साली त्याचं अनावरण झालं. तो घडवणारे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर, म्हणजेच नानासाहेब करमरकर, आपल्या कोकणातले. आणि त्यांचा पहिला गाजलेला शिवाजीही घोड्यावरच बसलेला होता. फक्त तो ब्राँझचा नव्हता. तो गावच्या देवळाच्या भिंतीवर काढलेला होता.

या दोन घोड्यांच्या मधलं अंतर कसं कापलं गेलं, ते बघण्यासारखं आहे.

गणपतीची शाळा

२ ऑक्टोबर १८९१ रोजी सासवणे गावात विनायकचा जन्म झाला. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आताचा रायगड. अलिबागहून मांडव्याकडे जाताना किनाऱ्याला लागून हे गाव आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, कोळ्यांची वस्ती, भातशेती आणि खाडीच्या पलीकडे मुंबई. घर शेतकऱ्याचं, परिस्थिती बेताची. पण या घरात गणपतीच्या मूर्ती व्हायच्या.

हे वाक्य रत्नागिरीत वाचणाऱ्यांना जास्त समजावून सांगायला नको. आपल्याकडे गणपतीच्या कारखान्याला गणपतीची शाळाच म्हणतात. कुणी हे नाव ठेवलं असेल त्याला सलाम करायला हवा, कारण कोकणातल्या पोरांची पहिली कलाशाळा खरोखर तीच आहे. पावसाची झड लागलेली असते, घरोघरचे पाट शाळेत येऊन पडलेले असतात, कोपऱ्यात शाडूचा ढीग असतो आणि शाळेतून सुटलेली पोरं दप्तर घरी टाकून तिथे येऊन बसलेली असतात. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं आणि कुणी हाकलतही नाही. माती मळून दे, पाणी आण, उंदीर करून बघ, अशी कामं मिळत जातात. यातलं एखादं पोर दोन-तीन वर्षांत सोंडेला वळण द्यायला लागतं. आणखी काही वर्षांनी त्याच्या हातात रंगाचा ब्रश येतो. डोळे आखायचं काम मात्र घरातला जाणता माणूस सहजासहजी सोडत नाही. तिथे हात थरथरला की सगळी मूर्ती बिघडते, हे त्या पोराला न सांगता कळलेलं असतं.

आता या सगळ्यात ते पोर काय काय शिकतं ते मोजा. मातीत पाणी किती असलं की ती तडकत नाही. वजन कुठे जास्त झालं की मूर्ती पुढे झुकते. डाव्या-उजव्या बाजूचा तोल. दोन फुटांची मूर्ती आणि चार फुटांची मूर्ती यांच्या हातांची लांबी कशी वेगळी ठेवायची. घाई केली की काय होतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे बिघडलं तर काय करायचं. शाडू असतो, पुन्हा मळायचा, पुन्हा करायचं. गणिताच्या पेपरात चुकलेलं उत्तर लाल शाईत कायमचं राहतं. मातीत चूक झाली की ती पुढच्या प्रयत्नाची माती होते.

विनायकला हे शिक्षण घरातच मिळालं. शाळेचं शिक्षण घरच्या गरिबीमुळे जेमतेमच झालं. थोडक्यात, मार्कांच्या हिशेबाने पाहिलं तर गावातल्या इतर दहा पोरांसारखं हे अकरावं पोर. आयुष्यभर दर श्रावणात मूर्ती करायच्या आणि बाकीच्या वेळी शेत बघायचं, असं त्याचं पुढचं सगळं आयुष्य दिसत होतं. त्यात वाईट काहीच नव्हतं. आजही आपल्याकडे शेकडो चांगले हात असंच जगतात.

भिंत आणि ती बघणारा

सासवण्याच्या देवळाच्या भिंतीवर विनायकने घोड्यावर बसलेल्या शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. कागद, रंग, कॅनव्हास यांची चैन नव्हती. भिंत होती.

भिंतीवर चित्र काढणाऱ्या पोराचं आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. आधी ओरडा, मग ओलं फडकं. पण हे चित्र एका वेगळ्याच माणसाच्या नजरेला पडलं. कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर होते ऑटो रॉथफील्ड. त्यांनी ते चित्र पाहिलं, कुणी काढलं याची चौकशी केली आणि त्या पोराला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवायची व्यवस्था केली.

हे रॉथफील्डसाहेब कोण होते हेही बघायला हवं. ते आयसीएस अधिकारी होतेच, पण त्यांना चित्रांची उत्तम जाण होती. पुढे १९२० साली त्यांनी भारतातल्या स्त्रियांवर एक पुस्तक प्रसिद्ध केलं आणि त्यातली रंगीत चित्रं काढली होती रावबहादूर एम. व्ही. धुरंधर यांनी. धुरंधर म्हणजे जे. जे. मध्ये कित्येक वर्षं शिकवणारे, मराठी माणसाचे, त्याच्या कपड्यांचे, सणांचे, लग्नाच्या पंगतींचे चित्रकार. म्हणजे ज्या अधिकाऱ्याच्या ओळखीपाळखीत असा चित्रकार होता, त्याच्या नजरेला ते चित्र पडलं. त्याच भिंतीसमोरून रोज शंभर माणसं जात-येत असतील. घोडा छान आहे असं त्यांनाही वाटलं असेल. पण छान वाटणं वेगळं आणि या हाताला शिकवलं तर हा कुठवर जाईल हे ओळखणं वेगळं. त्यासाठी बघणाऱ्याचीही नजर तयार असावी लागते.

कलाशिक्षणाचा विषय निघाला की आपण कायम चित्र काढणाऱ्या मुलाबद्दल बोलतो. चित्र बघणाऱ्याच्या शिक्षणाबद्दल बोलतच नाही. सासवण्याच्या गोष्टीत दोन्ही होतं. एकीकडे घरच्या मातीत तयार झालेला हात, दुसरीकडे तयार झालेली नजर. यातलं एक जरी नसतं तरी गोष्ट तिथेच थांबली असती.

उपजत हाताला शिस्त

आता तुम्ही म्हणाल, मूळचीच कला होती ना, मग जे. जे. ला जाऊन वेगळं काय झालं? हा प्रश्न रास्त आहे. कला शिकवता येत नाही, ती जन्मजात असावी लागते, असं म्हणणारे आजही पैशाला पासरी मिळतात. आणि चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकताना हेच कारण हळूच वापरलं जातं. ज्याला येतं त्याला येतंच, बाकीच्यांना शिकवून काय उपयोग?

करमरकरांचं आयुष्य या प्रश्नाला चांगलं उत्तर देतं. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. रुडयार्ड किपलिंगचे वडील जॉन लॉकवूड किपलिंग तिथे शिल्पकला शिकवायला आले ते १८६५ साली. रुडयार्डचा जन्मही त्याच आवारातला. करमरकर तिथे पोहोचले तेव्हा शिकवण्याची पद्धत कडक, पाश्चात्त्य वळणाची होती. आधी प्लास्टरच्या नमुन्यांवरून रेखांकन, मग वस्तूंचं, मग समोर बसलेल्या जिवंत माणसाचं. एका हाताचं रेखांकन आज, उद्या, परवा, जमेपर्यंत. त्वचेखाली स्नायू कसे ओढले जातात, खांदा उचलला की पाठीत काय बदलतं, हे बघायचं आणि मग मातीत उतरवायचं.

गणपतीच्या शाळेत शिकलेल्या हाताला हे नवीन होतं. गणपतीची मूर्ती ठरलेल्या रूपाने होते. सोंड, दात, मोदक, आशीर्वादाचा हात, सगळं पिढ्यानपिढ्या ठरलेलं. तिथे कसब लागतं, पण समोरचा अनोळखी चेहरा वाचायची गरज पडत नाही. जे. जे. ने करमरकरांना समोर जे आहे ते बघायला शिकवलं. घरच्या मातीची ओळख आणि शाळेतली बघायची शिस्त यांची जोडी जमली आणि हा मुलगा लॉर्ड मेयो पदक मिळवून बाहेर पडला. उपजत हाताला शिक्षणाची गरज नसते असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा. देवळाच्या भिंतीवरचा घोडा उपजत होता. पुण्याचा घोडा उपजत हाताने एकट्याने झाला नसता.

कोलकाता, लंडन आणि आठ टनांचा घोडा

जे. जे. नंतरचा प्रवास मोठा आहे. रवींद्रनाथांच्या घराण्यातल्या सुरेंद्रनाथ ठाकूर यांनी करमरकरांचं काम पाहिलं आणि १९१६ च्या सुमारास ते कोलकात्याला गेले. तिथे त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला. सासवण्याचा मराठी माणूस बंगालच्या राजधानीत, त्या काळच्या कलेच्या सगळ्यात गजबजलेल्या शहरात, व्यक्तिशिल्पं करून स्वतःच्या पायावर उभा राहिला. पुढे १९२० मध्ये ते लंडनला गेले, रॉयल अकॅडमीत शिकले, युरोपातली शिल्पं आणि ओतकामाची पद्धत पाहिली आणि परत आले. नाव झालेलं होतं, कामं मिळत होती, तरीही तिशीच्या आसपास पुन्हा विद्यार्थी होऊन बाकावर बसायला ते तयार झाले. शेवटच्या सेमिस्टरनंतर आता शिक्षण संपलं म्हणून सुटकेचा श्वास टाकणाऱ्या आपल्यासारख्यांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

मग आलं पुण्याच्या पुतळ्याचं काम. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने पुण्यात शिवस्मारक उभं राहायचं होतं. १९२१ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते कोनशिला बसवली गेली. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले आणि पुढची जबाबदारी छत्रपती राजाराम महाराजांनी घेतली. शेवटी पुतळा करायचं काम करमरकरांकडे आलं.

इंजिनीअरिंगला असलेल्यांनी आता जरा लक्ष द्या. अश्वारूढ पुतळा हे शिल्पकलेतलं एक अवघड गणित मानतात. घोड्याचं धड प्रचंड, त्यावर स्वार, आणि हे सगळं वजन पेलायचं कुणी? तर घोड्याच्या सडपातळ पायांनी. गुरुत्वमध्य जरासा चुकला की पुतळा कलतो. पायांची जाडी वाढवली की घोडा हत्तीसारखा दिसतो. आधी आतून आधाराचा सांगाडा, त्यावर माती, मातीवरून प्लास्टर, त्यापासून ओतकामाचा साचा आणि मग त्यात वितळलेला धातू. प्रत्येक टप्प्याला काहीतरी बिघडायची शक्यता असते. बरेच मोठे पुतळे तुकड्यातुकड्यांनी ओतून जोडतात ते यामुळेच. हा पुतळा एकसंध ओतला गेला, आणि तोही मुंबईत, भारतीय शिल्पकाराच्या हातून. असली कामं तोवर सहसा विलायतेहून करून आणली जात. जून १९२८ मध्ये पुण्यात त्याचं अनावरण झालं.

कधी पुण्याला गेलात तर त्या पुतळ्यासमोर दहा मिनिटं उभे राहा. मोबाइल खिशात ठेवा. घोड्याची मान, छातीचे स्नायू, महाराजांची बैठक, लगाम धरलेला हात, एकेक करत बघा. इतिहासाच्या पुस्तकात जे वाचलंय त्यापेक्षा वेगळं काहीतरी कळेल.

परत सासवण्याला

एवढं नाव झाल्यावर माणूस मुंबईत बंगला बांधून राहिला असता. करमरकरांनी सासवण्यात घर बांधलं आणि उत्तरायुष्यात ते तिथे रमले. तिथली शिल्पं बघितली की या माणसाने आयुष्यभर काय बघितलं ते समजतं. कोळ्याची पोर, शेतावरचा माणूस, अंगणातली म्हैस. शंख फुंकणाऱ्या पुरुषाचं त्यांचं शिल्प, शंखध्वनी, खूप गाजलं. ब्राँझ आणि संगमरवर महाग, मग सिमेंटसारख्या साध्या बांधकामाच्या मालातूनही त्यांनी शिल्पं केली आणि त्याला असा काही पोत दिला की बघणाऱ्याने हात लावून खात्री करावी. गावात जे मिळतं त्यातून करायची, ही सवय कुठून आली असेल ते सांगायला नको. सरकारने त्यांना १९६२ साली पद्मश्री दिली. १३ जून १९६७ रोजी ते गेले. सासवण्याच्या त्या घराचं आता संग्रहालय झालंय. रत्नागिरीहून मुंबई-गोवा हायवेने वडखळपर्यंत जायचं, तिथून अलिबाग आणि पुढे मांडव्याचा रस्ता. अलिबागची बीच ट्रिप तुम्ही काढताच. त्यात दोन तास याचे जोडा.

ज्यांच्या वाट्याला भिंतच नव्हती

आता या गोष्टीतला टोचणारा भाग. मुद्दाम शेवटी ठेवलाय.

ही गोष्ट सांगताना आपण नशीब, योगायोग, गुणांची पारख असे शब्द वापरतो आणि खूश होतो. पण जरा उलट बाजूने विचार करा. रॉथफील्डसाहेब त्या गावात आलेच नसते तर? किंवा चित्र त्यांच्या आधी चुन्याखाली गेलं असतं तर? त्यांच्या जागी चित्रांत अजिबात रस नसलेला दुसरा कलेक्टर असता तर? त्या काळात कोकणात अशा किती गावांत किती पोरं भिंतीवर काय काय काढत असतील आणि त्यांच्या गावात कुणीच आलं नसेल.

आणि मुळात देवळाच्या भिंतीपर्यंत पोहोचू कोण शकत होतं? १९०० च्या आसपासचं कोकण डोळ्यासमोर आणा. अस्पृश्य मानलेल्या घरातल्या पोराला देवळाच्या भिंतीला हात लावायची सोय नव्हती. आपल्या रत्नागिरीत सर्व जातींच्या माणसांना खुलं असलेलं पतितपावन मंदिर उभं राहिलं तेच मुळी १९३१ साली. मुलींचं काय? धुरंधरांची मुलगी अंबिका जे. जे. मध्ये शिकून चित्रकार झाली, पण तिच्या घरीच चित्रकार बाप होता. सासवण्याच्या एखाद्या मुलीने त्याच भिंतीवर तोच घोडा काढला असता तर तिला मुंबईला कोण पाठवणार होतं?

म्हणून शाळेतल्या चित्रकलेच्या तासाचं मोल. तो तास म्हणजे सगळ्या मुलांना मिळालेली देवळाची भिंत आहे. कोळ्याच्या मुलीला, आंब्याच्या बागेत राखण करणाऱ्याच्या मुलाला, बदलीवर आलेल्या साहेबाच्या मुलाला, सगळ्यांना एकाच वेळी एकच कागद मिळतो. आणि त्या वर्गात उभे असलेले चित्रकलेचे सर किंवा बाई हे त्यांचे रॉथफील्ड असतात, असायला हवेत. गावात पारखी साहेब कधी येईल याची वाट बघायला लागू नये, यासाठीच शाळेत कलाशिक्षक असतो. तो तास गणिताला दिला की फक्त चाळीस मिनिटं जात नाहीत. ज्या मुलाच्या घरी रंगाची पेटी नाही, गणपतीची शाळा नाही, त्याची एकुलती एक भिंत जाते.

यावर कुणी म्हणेल, सगळी मुलं थोडीच शिल्पकार होणार आहेत? नाहीच होणार. सगळी मुलं गणितज्ञही होत नाहीत, तरी गणित सगळ्यांना असतं. चित्र काढायला बसलेलं मूल पहिल्यांदा एखाद्या वस्तूकडे सलग दहा मिनिटं बघतं. जास्वंदीच्या पाकळ्या किती, त्या एकमेकींवर कशा बसतात, सावली कुठल्या बाजूला पडते. बारावीला बायोलॉजीच्या जर्नलमध्ये आकृती काढताना, फर्स्ट इयरला इंजिनीअरिंग ड्रॉइंगची शीट पुन्हा पुन्हा खोडताना, ही बघायची सवय असलेले आणि नसलेले यांच्यातला फरक तुम्ही अनुभवलाच असेल. पेशंटकडे बघणाऱ्या डॉक्टरला, लाकडाकडे बघणाऱ्या सुताराला, बाळाच्या चेहऱ्याकडे बघणाऱ्या आईला, सगळ्यांना तीच सवय लागते.

करमरकरांपेक्षा जेमतेम काही महिन्यांनी लहान असलेल्या ताराबाई मोडक यांना हे पक्कं माहीत होतं. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आलेल्या ताराबाईंनी बालशिक्षण महाराष्ट्रातल्या खेड्यांत नेलं. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने, त्यांनी ज्या बालवाड्या चालवल्या त्यात माती, रंग, गाणी, नाच यांना अभ्यासाइतकीच जागा होती. महागडी साधनं परवडत नाहीत म्हणून बिया, शंख-शिंपले, पानं, काड्या अशा आसपासच्या वस्तू वापरल्या. चांगल्या घरच्या मुलांना मिळतं ते आदिवासी पाड्यावरच्या मुलालाही मिळायला हवं, हा त्यामागचा हट्ट. रॉथफील्डनी एका मुलाला मुंबईला नेलं. ताराबाईंनी भिंतच पाड्यावर नेली.

तुमच्या हातातलं

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि विज्ञान, अभ्यास आणि अभ्यासेतर अशा भिंती काढून टाकायचं म्हटलंय. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा चालू आहेत आणि इंटरमिजिएटच्या ग्रेडचे दहावीला वाढीव मार्कही मिळतात. आपल्याच जिल्ह्यात सावर्ड्याला सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट आहे, देवरुखला कॉलेज ऑफ आर्ट अँड डिझाइन आहे, आणि देवरुखातच लक्ष्मीबाई पित्रे कला संग्रहालयात जुन्या नामवंत चित्रकारांची मूळ चित्रं बघायला मिळतात. करमरकरांना दर्या ओलांडून मुंबई गाठावी लागली. तुमच्या धाकट्या भावंडांना एसटी पुरते.

पण वाढीव मार्कांसाठी परीक्षा देणं आणि बघायला शिकणं यात फरक आहे, आणि तो फरक घरातल्या मोठ्यांनी सांभाळायचा असतो. आता घरातले ते मोठे तुम्ही आहात. बी.एड., डी.एड. करणाऱ्यांपैकी काही जण थोड्याच वर्षांत वेळापत्रक लावायला बसतील. चित्रकलेचा तास कुठे टाकायचा आणि तो कुणाला द्यायचा नाही, हे तुम्ही ठरवाल. काही जण स्पर्धा परीक्षा देताय. उद्या खरोखर कलेक्टर, तहसीलदार, गटशिक्षणाधिकारी म्हणून गावात जाल. शाळा तपासताना पट, पोषण आहार, शौचालयं बघून झाली की भिंतीवर काय लावलंय तेही बघा, आणि कुणी काढलं ते विचारा.

आणि एवढी वाट बघायचीही गरज नाही. हिवाळ्यात तुमचं एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर एखाद्या गावात लागेल. श्रमदान होईल, बंधारा होईल, आणि नेहमीप्रमाणे शाळेच्या भिंतीवर घोषणा रंगवायचं काम निघेल. पाणी वाचवा, मुलगी शिकवा, स्वच्छता राखा. जरूर रंगवा. फक्त या वेळी भिंतीचा खालचा तीन फुटांचा पट्टा कोरा ठेवा. गेरू, चुना, कोळसा, उरलेला रंग, जे असेल ते गावातल्या पोरांच्या हातात द्या आणि बाजूला व्हा. काय काढू असं विचारलं तर सांगू नका. पोरं दमून घरी गेली की चहा घेऊन त्या पट्ट्यासमोरून सावकाश एक चक्कर मारा. एखाद्या घोड्यापाशी पाय थबकले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुणी काढला त्याची चौकशी करा.